मल्टिस्केल बास गिटार : वादनाची सवय

प्रत्येक तारेची कंप पावणारी लांबी (स्केल) वेगळी ठेवल्यामुळे ज्याचे पडदे (फ्रेट) पंख्यासारखे पसरतात, तो मल्टिस्केल बास. नेहमीच्या बासवर सगळ्या तारा ३४ इंची (८६४ मिमी) असतात. १९५१च्या फेंडर प्रिसिजन बासपासून हे माप रूढ झाले. कॅनडातील डिंगवॉल कंपनीच्या पाच तारी (जाडीकडून बी, ई, ए, डी, जी) बासवर खालच्या ‘बी’ तारेची लांबी ३७ इंच आणि ‘जी’ची ३४ इंच असते, इबानेझ कंपनीच्या एसआरएमएस८०५ या बासमध्ये हाच पल्ला ३५.५ ते ३४ इंच आहे. खालच्या ‘बी’ची कंपनसंख्या ३०.८७ हर्ट्झ. ३४ इंचांत ती मिळवायची तर तार जाड तरी घ्यावी लागते, नाहीतर सैल सोडावी लागते. जाड तार ताठ असल्याने तिचे उपस्वर वर सरकतात आणि सूर गढूळ होतो. लांबी वाढवली की तो स्वच्छ येतो.

उगमाविषयी एकमत नाही. एका मताप्रमाणे ही रचना सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ओरफॅरियन या इंग्रजी तंतुवाद्यापासून येते. या वाद्याला धातूच्या तारा असत, आणि १६१७ साली फ्रान्सिस पामरने बनवलेल्या उपलब्ध ओरफॅरियनवर पडदे तिरपेच आहेत. त्याच कुळातील बॅन्डोरा हे वाद्य लंडनच्या जॉन रोझने १५६२च्या सुमारास घडवल्याची नोंद सापडते, पण ती नंतरच्या बखरीतली असल्याने हे साल जपूनच वापरावे. दुसरे मत आधुनिक रचनेला स्वतंत्र मानते. १९०० साली ई. ए. एडग्रेनला तिरप्या पडद्यांचे पेटंट मिळाले. अमेरिकन कारागीर राल्फ नोवाकला ते १९८९ साली मिळाले आणि आजच्या वाद्यांचा प्रसार त्यानंतरचा. ओरफॅरियनपासून नोवाकपर्यंत सलग कारागिरी दिसत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. धातूच्या तारांची अडचण दोन्ही काळांत एकच होती, एवढे मात्र खरे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी वादकाचा बास गणेशोत्सवातील आणि लग्नातील ऑर्केस्ट्रात वाजतो. एकाच कार्यक्रमात मराठी आणि कन्नड गाणी होतात, गायक बदलतो तशी पट्टीही बदलते. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या संवादिनीवादकाच्या बेळगावात पट्टी पेटीवरूनच सांगतात. ‘काळी एक’ (पेटीची पहिली काळी पट्टी, सी शार्प) म्हटले की षड्ज येतो ‘बी’ तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. नव्या वाद्याची खरी परीक्षा इथेच होते.

तिरपेपणा सगळीकडे सारखा नसतो. एक पडदा तारांना काटकोनात असतो, त्याला मध्यपडदा म्हणू. तो सातवा असेल, तर ३७–३४ इंची बासवर ‘बी’चे नटाकडचे (नट म्हणजे दांडीच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) टोक ‘जी’च्या टोकापेक्षा सुमारे २५ मिमी आणि ब्रिजकडचे (ब्रिज म्हणजे वाद्याच्या शरीरावरचा तारांचा घोडा) सुमारे ५१ मिमी बाहेर जाते. एकएकटे सूर बोटांना लवकर सापडतात. अडते ते सप्तकाच्या जोडीला. ‘काळी एक’मध्ये मंद्र षड्ज ‘बी’च्या दुसऱ्या पडद्यावर आणि त्याच्या वरचा षड्ज ‘ए’च्या चौथ्यावर. सरळ पडद्यांच्या ३४ इंची बासवर या दोन पडद्यांत तारेच्या दिशेने ८४ मिमी अंतर असते, इथे ते ९६ मिमी होते. उलट मध्यपडद्यापलीकडे बाराव्या–चौदाव्या पडद्यांवरची तीच जोडी ४७ वरून ४३ मिमीवर येते. म्हणजे हाताचा एकच साचा खाली ताणावा आणि वर आवळावा लागतो. म्हणून सरावाला पहिल्या पडद्यापासून बसू नये. पाचव्या ते नवव्या पडद्यांत संथ लयीत षड्ज–पंचम–तार षड्ज पक्के करावेत आणि मग एकेक पडदा खाली उतरावे. पाचव्याच्या खाली चार पडद्यांवर चार बोटे न पसरता पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरावे. डबल बासवाल्यांची ही जुनी पद्धत मनगट वाचवते.

डोळा फसतो तो नेकच्या (वाद्याच्या दांडीच्या) कडेवरच्या ठिपक्यांमुळे. हे ठिपके ‘बी’च्या बाजूला असतात. पहिल्या पडद्यापाशी ‘जी’ तारेचा पडदा ‘बी’च्या पडद्यापेक्षा २१ मिमी वाद्याच्या शरीराकडे असतो. ठिपक्यावर नजर ठेवून ‘जी’ दाबली, तर बोट दोन पडद्यांमधल्या घराच्या मधोमध पडते, तार खरखरते आणि वादक उगाच जोर लावतो. वरच्या तारांसाठी पडदाच पाहावा.

उजव्या हाताला त्रास मुख्यतः तळहाताने तार दाबून वाजवताना होतो. हात काटकोनात ठेवला, तर ‘जी’ नीट दबते पण ‘बी’ मुकी होते. कोपर थोडे मागे घेऊन तळहाताची कड ब्रिजच्या तिरपेला समांतर ठेवावी. तारांचा कंप टिपणारे पिकअपही तिरपे असतात. अंगठा त्यांवर टेकवणाऱ्याला आघाताची जागा आपोआप सापडते.

तारांचे गणित वेगळे आहे. त्याच जाडीची ‘बी’ ३४ ऐवजी ३७ इंचांवर चढवली, तर ताण सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ३४ इंचांवर ०.१३० इंच जाडीची तार वापरणाऱ्याला इथे ०.१२० इंचाची जवळपास तेवढाच ताण देते. नेहमीच्या संचातील ‘बी’ची पूर्ण जाडीची वेटोळी नटापलीकडे पोचत नाहीत, बारीक झालेला भाग नटावर आला की मोकळा सूर पोकळ लागतो. तार मागवताना वेटोळ्यांची लांबी पाहावी, आणि तार वाद्याच्या शरीरातून ओवली जात असेल तर तेवढी लांबी जास्त धरावी.

जून ते सप्टेंबर या काळात खानापूर–बेळगाव पट्ट्यातील दमट हवेत नेक हलते. पहिल्या काही पडद्यांवरच खरखर येत असेल, तर नेक जास्त सरळ झाली आहे, असे समजून ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) अष्टमांश ते पाव फेरा सैल करावा, एक दिवस थांबावे आणि मगच पुन्हा हात लावावा. नेकचा बाक ‘बी’ आणि ‘जी’ दोन्ही तारांखाली वेगवेगळा मोजावा. शेवटी बाराव्या पडद्यावरचा दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर) जुळवून प्रत्येक तारेचे सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) पुढेमागे करावे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.