सॅक शुक्रवारी नको, दोन आठवडे आधी न्या
(आमच्या दादरच्या दुकानातून ट्रेकिंगचं सामान भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट दुकानात यायचं, सॅक उचलायची, घरी जाऊन हाताला लागेल ते तिच्यात कोंबायचं आणि रात्रीची कसारा लोकल गाठायची. आमची बरीच गिऱ्हाइकं अशीच जातात. सोमवारी सॅक परत येते तेव्हा तिच्यापेक्षा माणूसच जास्त उसवलेला असतो.

म्हणून दोन-तीन मुक्कामांची भटकंती असेल तर सॅक दोन आठवडे आधी घेऊन जा. त्या दिवसांचं भाडं आम्ही लावत नाही. आमच्या माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा ती तुमच्या पाठीवर असलेली बरी.

जिना चढा, आणि उतराही

इमारतीचा एक मजला म्हणजे साधारण तीन मीटर. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, पण पायथ्याच्या बारी गावातून चढायचे असतात सुमारे ९०० मीटर. म्हणजे ३०० मजले, दहा मजली इमारत तीस वेळा. एका दिवसात एवढं करा असं कोणी म्हणत नाही, पण हिशोब डोळ्यांसमोर असू द्या.

निघायच्या सहा आठवडे आधी लिफ्ट सोडा. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं, रिकाम्या पाठीने. मग दर आठवड्याला दोन-दोन किलो वाढवा. सॅक हाती येईपर्यंत ऑफिसची बॅग चालेल. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या उत्तम, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. सुरुवातीला गच्चीवर पोहोचल्यावर पाणी कुंड्यांना घाला आणि हलके होऊन उतरा. वॉचमनला मात्र आधी सांगून ठेवा. रात्री अकराला पाठीवर बोजा घेऊन जिन्यात वर-खाली करणारा माणूस कोणालाही चोरच वाटेल.

शेवटच्या दोन आठवड्यांत वजनासकट उतरा. हा भाग लोक हमखास टाळतात, आणि पाय नेमके इथेच दगा देतात. चढताना दम लागतो, तो दोन मिनिटं थांबलं की ओसरतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. त्याची सवय नसेल तर त्याला बारीक इजा होते, आणि ते दुखणं लगेच न कळता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळतं. तुमच्या ट्रेकचा तोच मधला, सगळ्यात लांब दिवस असतो! थोडं थोडं उतरत राहिलं की स्नायू सरावतात. पोटऱ्या-मांड्या भरून येणं ठीक, पण गुडघ्याच्या वाटीत टोचायला लागलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

सपाटीवरच्या सरावाला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता चांगला (सोमवारी बंद). शेवटच्या रविवारी भरलेली सॅक घेऊन लोणावळ्याहून राजमाचीला चालून या. वाट पंधराएक किलोमीटरची आहे, पण अंगावर येणारी नाही. बूट कुठे चावतो, पट्टा कुठे घासतो, ते तिथेच कळेल.

ओझं खांद्यावर नाही, कमरेवर

भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा. माणूस साठ किलोचा, तर सॅक बारा किलोची, तीन लिटर पाणी धरून. आधी सगळे पट्टे सैल करा. कंबरपट्टा कमरेच्या हाडावर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. लोकल पकडायच्या घाईत आपण उलट करतो, आणि मग मान धरते.

मनाची तयारी

घरच्या लादीवर कॅरीमॅट टाकून एक रात्र झोपून बघा. पंखा बंद करून. झोप लागणार नाही, पण मुक्कामातली पहिली अपुरी झोप मग धक्का देणार नाही. ओल्या मोज्यांत दोन तास चालणंही एकदा अनुभवा. किळसवाणं आहे, पण उपयोगी आहे.

निघण्यापूर्वी सगळे एकत्र बसा आणि किती वाजता कुठे पोहोचलो नाही तर परत फिरायचं, हे ठरवा. डोंगरात वाद घालायला कोणाच्याही अंगात त्राण नसतं. “मला हा कातळटप्पा जमणार नाही” हे वाक्य घरीच मोठ्याने म्हणून बघा, तिथे ते घशात अडकतं. दृष्टिभय (उंचावरून खाली बघताना वाटणारी भीती) असेल तर लपवू नका. गटाचा वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा. आणि आईला रेंज कधी नसेल ते आधीच सांगा. गावाचं नाव, परतीचा दिवस कागदावर लिहून द्या.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. विरळ हवेची सवय मुंबईच्या जिन्यात होत नाही, कितीही मजले चढा. साधारण २५०० मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळणं सुरू होऊ शकतं, अगदी तगड्या माणसालाही. ३००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. त्रास वाढला तर खाली उतरा. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आम्हाला नको.

सॅक न्यायला येताना चालायचे तेच बूट आणि तेच मोजे घालून या. दुकानात वाळूच्या पिशव्या ठेवल्या आहेत. बारा किलो भरून, आमच्या दोन मजल्यांच्या जिन्यावर फिरवून, मगच पावती करतो.