निघताय? कार्ट अजून भरलेलंच आहे

ऑनलाइन दुकानात चार वस्तू कार्टमध्ये टाकल्या, मग मन फिरलं आणि टॅब बंद करायला माऊस वर नेला. फुलीपर्यंत पोचण्याआधीच पडद्यावर चौकट उगवते: 'थांबा, तुमच्या वस्तू राहिल्या!' आपण निघालोय हे त्या पानाला कळतं कसं?

मनातलं त्याला काहीच कळत नाही. पानातला जावास्क्रिप्टचा छोटासा प्रोग्रॅम माऊसच्या बाणावर नजर ठेवून असतो. बाण वरच्या कडेबाहेर गेला, की गिऱ्हाईक निघालं असं तो धरून चालतो. कधी आपण फक्त शेजारच्या टॅबमधलं गाणं बंद करायला गेलेलो असतो! मोबाइलवर बाणच नाही. तिथे पान झपकन वर सरकवणं किंवा मागे जाण्याचं बटण यांवरून तर्क लढवतात.

खरं तर ब्राउझरमध्येच पान सोडण्याआधी सावध करायची सोय आहे. अर्धवट भरलेला फॉर्म वाया जाऊ नये, हा तिचा उपयोग. पण त्या सूचनेत साइटला हवा तो मजकूर घालता यायचा, आणि फसव्या साइट्स लोकांना घाबरवून अडकवू लागल्या. शेवटी 2016 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ती मुभा काढून घेतली. आता तिथे ब्राउझरचंच ठरावीक, कोरडं वाक्य दिसतं. म्हणून दुकानांना माऊसची पाळत सोयीची वाटते.

'राहिल्या' हा शब्दही उगाच नसतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले. ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत, ते न मिळालेले विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. हातात आलेलं सोडवत नाही. कार्टमधली वस्तू आपली झालेली नसते, पण ती चौकट आपल्याशी बोलते मात्र ती झाल्यासारखीच.

गंमत म्हणजे बहुतेकदा हरवत काहीच नाही. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू माँटुली यांनी 1994 मध्ये कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, तयार केली, तीच मुळी कार्टमधल्या वस्तू लक्षात राहाव्यात या गरजेतून. चार दिवसांनी परत गेलात तरी पुष्कळ दुकानांत कार्ट जसंच्या तसं सापडतं.

भरलेल्या कार्टांपैकी सुमारे 70 टक्के खरेदीविना सोडली जातात, असं अनेक पाहण्यांची सरासरी सांगते. त्यातले कितीतरी जण नुसते बघायला आलेले असतात. आवडलेलं पुन्हा सापडावं म्हणून ते कार्टात टाकतात. त्यांना 'कार्ट जपून ठेवलंय' एवढं सांगितलं तरी पुरे.