इटालियन नियमित क्रियापदांची रूपे

इटालियन क्रियापदाचे मूळ रूप ‘आरे’, ‘एरे’ किंवा ‘इरे’ यांपैकी एकाने संपते आणि त्यावरून त्याचा गण ठरतो. पार्लारे (बोलणे), व्हेंदेरे (विकणे) आणि दोर्मीरे (झोपणे) ही तीन गणांची नेहमीची उदाहरणे. शेवटचा तुकडा काढला की धातू उरतो : पार्ल, व्हेंद, दोर्म. त्याला अर्थ (स्वार्थ, आज्ञार्थ यांतला), काळ, पुरुष व वचन सांगणारा प्रत्यय लागला की रूप तयार. धातूत बदल न होता ज्याला गणाचे ठरलेले प्रत्यय लागतात, ते क्रियापद नियमित. लॅटिनमध्ये असे चार गण होते. त्यांतले मधले दोन इटालियनमध्ये एक झाले. त्याची खूण आता फक्त आघातात (उच्चारातल्या जोरात) उरली आहे : तेमेरे (भिणे) या शब्दात आघात ‘मे’वर पडतो, तर व्हेंदेरेमध्ये ‘व्हें’वर.

इटलीतल्या शालेय व्याकरणात क्रियापदाचे कोष्टक सात अर्थ आणि एकवीस काळांचे असते. पुरुषाप्रमाणे बदलणारे अर्थ चार : इंदिकातीव्हो (आपला स्वार्थ), कोंज्युंतीव्हो (मत किंवा शक्यता सांगणारा), कोंदित्सिओनाले (‘जर-तर’मधल्या ‘तर’चा) आणि इंपेरातीव्हो (आज्ञार्थ). मूळ रूप, कृदन्त विशेषण आणि जेरुंदिओ (‘बोलत’, ‘बोलताना’ अशा धर्तीचे रूप) हे उरलेले तीन पुरुषाला बांधलेले नाहीत. हे तीन आणि आज्ञार्थ वगळला तर चौदा काळ, प्रत्येकात सहा रूपे, म्हणजे बरोबर ८४. चौऱ्याऐंशीच्या फेऱ्याची आठवण करून देणारा आकडा खरा, पण यातला निम्मा फेरा फुकट चुकतो. चौदांपैकी सात काळ संयुक्त आहेत, आणि त्यांत मुख्य क्रियापदाचे एकच कृदन्त (पार्लातो, व्हेंदूतो, दोर्मीतो) वापरले जाते. बदलते ते साहाय्यक क्रियापद. ती साहाय्यक दोनच आहेत, आव्हेरे (जवळ असणे) आणि एस्सेरे (असणे). गंमत अशी, की नियमित क्रियापदांचा निम्मा डोलारा ज्यांच्यावर उभा आहे ती ही दोन्ही स्वतः पक्की अनियमित आहेत.

वर्तमानकाळ असा : पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. क्रमाने मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. कर्ता प्रत्ययातच बसलेला असल्याने सर्वनाम सहसा गाळतात, ‘कुठे निघालास?’ म्हणताना आपण ‘तू’ म्हणत नाही, तसेच. लिंग मात्र यात कळत नाही. मराठीत ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ यांवरून माणूस ओळखता येतो, ‘पार्ला’वरून नाही. आदरार्थी बोलताना मराठी माणूस हमखास चुकतो, कारण आपला आदर अनेकवचनात असतो आणि इटालियन आदर एकवचनात. ‘लेइ’ या आदरार्थी सर्वनामाचा मूळ अर्थ ‘ती’; समोर मिशाळ गृहस्थ असले तरी क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनीच. १९३८ मध्ये फॅसिस्ट राजवटीने ‘लेइ’ बंद करून ‘व्होइ’ (तुम्ही) सक्तीचे केले होते. राजवट पडली, ‘लेइ’ परत आले; दक्षिणेत वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘व्होइ’ आजही ऐकू येते.

प्रत्यय पाठ करणे फार जड नाही. खरी मेख आघातात आहे. वर्तमानकाळात एकवचनाच्या तिन्ही रूपांत आणि ‘ते’च्या रूपात आघात धातूवर असतो, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत तो प्रत्ययावर सरकतो. पार्लानो म्हणताना जोर ‘पार्’वर द्यायचा, ‘ला’वर नाही. आबितारे (राहणे) याचे आबितानो होते आणि आघात थेट पहिल्या ‘आ’वर जातो, शेवटून चौथ्या अक्षरावर. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्या कानाला ही सवय नाही. ती लावून घ्यावीच लागते, याचा पुरावा एका शब्दात मिळतो. ‘पार्लो’ हे देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहिले जाईल. पण आघात ‘पार्’वर असेल तर अर्थ ‘मी बोलतो’, आणि ‘लो’वर असेल तर ‘तो बोलला’. पुरुषही बदलला, काळही बदलला. रोमन लिपीत हा फरक शेवटच्या स्वरावरच्या एका तिरप्या रेघेने दाखवतात.

उलट एका ठिकाणी देवनागरी इटालियन लेखनापेक्षा सोयीची पडते. चेर्कारे (शोधणे) याचे ‘तू’चे रूप चेर्की, पागारे (पैसे देणे) याचे पागी. रोमन लिपीत इथे ‘क’ आणि ‘ग’ टिकवण्यासाठी मध्ये एक मुके अक्षर घालावे लागते, आणि इटालियन मुलांचे शुद्धलेखन तिथेच हुकते. आपण जसे ऐकतो तसे लिहितो, त्यामुळे हा नियम सांगण्याचीही गरज पडत नाही.

‘आम्ही’चा ‘इयामो’ तिन्ही गणांत एकच आहे : पार्लियामो, व्हेंदियामो, दोर्मियामो. हा मुळात कोंज्युंतीव्होचा प्रत्यय. फ्लॉरेन्सच्या बोलीत तो वर्तमानकाळात पसरला आणि तीच बोली पुढे प्रमाण झाल्याने सगळ्या देशाचा झाला. रोमच्या बोलीत मात्र ‘पार्लामो’ टिकून आहे.

‘इरे’ गणात दोन पंथ आहेत. दोर्मीरे, पार्तीरे (निघणे), सेंतीरे (ऐकणे, जाणवणे) यांसारखी थोडी क्रियापदे सरळ चालतात : दोर्मो, दोर्मी, दोर्मे. बहुसंख्य मात्र फिनीरे (संपवणे) याच्या वाटेने जातात आणि धातू व प्रत्यय यांमध्ये ‘इस्क’ घुसवतात : फिनीस्को, फिनीशी, फिनीशे, फिनियामो, फिनीते, फिनीस्कोनो. लॅटिनमध्ये हा तुकडा क्रियेची सुरुवात दाखवायचा. आता त्याला स्वतःचा अर्थ नाही. त्याच्यामुळे सहाही रूपांत आघात धातूबाहेर राहतो, एवढाच त्याचा उपयोग. जिथे आघात आपोआपच प्रत्ययावर जातो त्या ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ रूपांत तो नेमका गायब होतो, हे लक्षात घेतले की अपवाद वाटणारी गोष्ट शहाणपणाची वाटू लागते.

भूतकाळ बोलण्यात मुख्यतः दोन लागतात. चालू किंवा सवयीच्या क्रियेसाठी इंपेर्फेत्तो : पार्लाव्हो, पार्लाव्ही, पार्लाव्हा… म्हणजे ‘बोलत होतो’ किंवा ‘बोलायचो’. यातले ‘मी’चे रूप पूर्वी ‘पार्लाव्हा’ असे, तृतीयपुरुषासारखेच. आलेस्सांद्रो मान्झोनी या इटालियन कादंबरीकाराने आपली कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलीला धरून नव्याने लिहिली आणि १८४० पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातून ‘ओ’ असलेले रूप पुस्तकी भाषेत रुजायला मोठी मदत झाली. पूर्ण झालेल्या क्रियेसाठी संयुक्त काळ : ओ पार्लातो, ‘मी बोललो’ (‘ओ’ हे आव्हेरेचे ‘मी’चे रूप). गतिवाचक व स्थितिवाचक क्रियापदे बहुधा एस्सेरे घेतात आणि तिथे लिंग अचानक प्रकट होते. पुरुष म्हणतो ‘सोनो पार्तीतो’, स्त्री म्हणते ‘सोनो पार्तीता’. हुबेहूब ‘निघालो’ आणि ‘निघाले’. कर्माशी जुळणेही ओळखीचे आहे, पण अर्धेच. ‘मी गाडी विकली’ याला ‘ओ व्हेंदूतो ला माक्किना’. गाडी स्त्रीलिंगी असूनही कृदन्त हलत नाही. गाडीऐवजी आधी सर्वनाम आले, ‘मी ती विकली’, की लगेच ‘लो व्हेंदूता’.

तिसरा, साधा भूतकाळ (पार्लाइ, पार्लास्ती, पार्लो, पार्लाम्मो, पार्लास्ते, पार्लारोनो) इतिहास, कादंबऱ्या आणि बालकथांत जिवंत आहे. उत्तरेत बोलण्यातून तो जवळजवळ गेला, सिसिलीत सकाळच्या गोष्टीसाठीही वापरतात, आणि टस्कनीत दोन्ही काळ भेद राखून चालतात.

भविष्यकाळाची घडण पाहण्यासारखी आहे. पार्लेरो (आघात ‘रो’वर) म्हणजे ‘मी बोलेन’. हे रूप लॅटिनमधल्या ‘बोलणे’ अधिक ‘माझ्याकडे आहे’ या जोडीतून आले, म्हणजे जवळपास आपले ‘मला बोलायचे आहे’. त्याच जोडीतले ‘आहे’ भूतकाळी केले, ‘मला बोलायचे होते’ या धर्तीवर, की कोंदित्सिओनाले मिळते : पार्लेरेइ, ‘मी बोललो असतो, बोलेन म्हणतो’. पहिल्या गणातला ‘आ’ या दोन्हींत ‘ए’ होतो, ही फ्लॉरेन्सची खोड. ‘आम्ही’च्या रूपात कान तीक्ष्ण हवा : पार्लेरेमो म्हणजे बोलू, पार्लेरेम्मो म्हणजे बोललो असतो. भविष्यकाळ अंदाजासाठीही चालतो. ‘दोर्मिरा’ म्हणजे ‘झोपेल’ आणि ‘झोपला असेल’सुद्धा. कोंदित्सिओनालेचा भूतकाळ वृत्तपत्रांचा लाडका आहे. खात्री नसलेली बातमी त्यात लिहिली की जबाबदारी टळते. आपल्याकडे हे काम ‘असे समजते’ करते.

कोंज्युंतीव्होला मराठी नाव देणे अवघड. विध्यर्थ त्याच्या जवळ जातो, पण पूर्ण झाकत नाही. ‘सो के पार्ला’ म्हणजे ‘तो बोलतो हे मला ठाऊक आहे’. ‘क्रेदो के पार्ली’ म्हणजे ‘तो बोलत असावा असे मला वाटते’. माहितीचे मत झाले की क्रियापदाचा शेवट बदलतो. बदलाची रीतही सोपी आहे : ‘आरे’ गणाला ‘इ’ लागतो (पार्ली), इतरांना ‘आ’ (व्हेंदा, दोर्मा, फिनीस्का). जणू दोघांनी स्वर अदलाबदल करून घेतले. जर-तरच्या वाक्यात मराठी दोन्हीकडे एकच संकेतार्थ वापरते : ‘गाडी विकली असती तर निघालो असतो.’ इटालियन कामे वाटून देते. ‘जर’च्या बाजूला कोंज्युंतीव्हो, ‘तर’च्या बाजूला कोंदित्सिओनाले : ‘से व्हेंदेस्सी ला माक्किना, पार्तिरेइ’, गाडी विकली तर निघेन, पण विकेन असे दिसत नाही. बोलण्यात अनेक जण ही शिस्त मोडतात, आणि शिकलेसवरलेले त्यांना तिथल्या तिथे टोकतात.

आज्ञार्थात तीच अदलाबदल पुन्हा भेटते. ‘तू बोलतोस’ला पार्ली आणि ‘आपण बोलता’ला पार्ला, पण ‘तू बोल’ला पार्ला आणि ‘आपण बोला’ला पार्ली. हॉटेलात वेटरला हाक मारताना ‘स्कूझी’ म्हणावे, मित्राला ‘स्कूझा’. उलटे झाले की वेटरशी सलगी आणि मित्राशी दुरावा. नकारात ‘तू’ला आज्ञार्थ चालत नाही, मूळ रूप लागते : ‘नोन पार्लारे’. ‘बोल’ला ‘न बोल’ न म्हणता आपणही ‘बोलू नकोस’ असा वेगळाच रस्ता धरतो.

तीन गणांपैकी वाढता राहिला आहे तो फक्त पहिला. ‘एरे’मध्ये नियमित क्रियापदे मुळातच मोजकी, आणि नवे कोणी तिथे दाखल होत नाही. संगणक आल्यावर क्लिक करण्यासाठी शब्द हवा झाला, तेव्हा तो विचार न करता ‘क्लिक्कारे’ झाला आणि पहिल्या दिवसापासून चालू लागला : क्लिक्को, क्लिक्की, क्लिक्का.