पॅनलच्या समोर आणि डोक्यावर डक्ट का नको?

बिल्डिंगमध्ये एसीचा डक्ट (थंड हवा नेणारा पत्र्याचा मार्ग) सगळ्यात जास्त जागा खातो, त्यामुळे इलेक्ट्रिकल रूममध्ये पॅनलसमोर (वीज वाटणाऱ्या कपाटासमोर) किंवा पॅनलच्या वर रिकामं दिसलं की डक्ट तिथूनच काढायचा मोह होतो. पण ती जागा रिकामी नसतेच, ती वायरमनची असते.

कारण पॅनलवर प्रत्येक वेळी सप्लाय बंद करून काम होत नाही. क्लॅम्प मीटर लावून लोड बघायचा, तापलेला जोड शोधायचा, हे कव्हर उघडून चालू पॅनलवरच करावं लागतं. आता पाठीमागे पत्र्याचा डक्ट आहे असं धरा, तो अर्थशी जोडलेला असतो. हात चुकून 230 व्होल्टला लागला आणि पाठ डक्टला टेकलेली असेल तर करंट छातीतून, म्हणजे हृदयाच्या जवळून जातो. शरीराचा रेझिस्टन्स साधारण 1000 ओहम धरला तर 230 मिलिअँपिअर होतात, आणि घरातला आरसीसीबी (शॉकपासून वाचवायला सप्लाय तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरला ट्रिप होतो, यावरून काय ते समजा.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये हा विचार आकड्यांत दिसतो. अर्थच्या तुलनेत 151 ते 600 व्होल्टच्या पॅनलसमोर अर्थवालं काहीच नसेल तर 3 फूट, अर्थवालं काही असेल (काँक्रीट आणि विटांची भिंतसुद्धा त्यातच धरतात) तर साडेतीन फूट, आणि समोरही उघडा लाइव्ह भाग असेल तर 4 फूट. उंची किमान साडेसहा फूट, म्हणजे डोक्याच्या लेव्हलला आलेला डक्टही चालत नाही.

आपल्याकडे 1956 च्या विद्युत नियमांपासून समोर 1 मीटर मोकळं लागतं. मागच्या बाजूला उघडी कनेक्शन्स असतील तर अंतर 20 सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा 75 पेक्षा जास्त हवं, मधलं काही नाही! मला हा नियम फार आवडतो. एकतर माणूस शिरूच शकणार नाही, नाहीतर शिरला तर त्याला नीट हलता येईल, अडकून बसेल असं अंतर ठेवायचंच नाही.

वरच्या जागेची भीती वेगळी, पाण्याची. मुंबईच्या पावसाळ्यात हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं) 26 अंशांच्या आसपास येतो, आणि डक्टमधली हवा असते 13-14 अंश. इन्सुलेशन एका जॉइंटला जरी फाटलं तरी पत्र्याला घाम फुटतो, थेंब खाली बसबारवर (पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर), आणि दोन फेजमध्ये आर्क (हवेतून पेटणारी मोठी ठिणगी) लागला तर तिथलं तांबं वितळून उडतं.

म्हणून तो अमेरिकन कोड पॅनलच्या माथ्यापासून 6 फूट किंवा छतापर्यंत, जे आधी येईल तिथपर्यंत, डक्ट आणि पाइपला बंदी घालतो. त्याच्याही वरून न्यायचा असेल तर गळती आणि घामाचं पाणी पॅनलवर पडणार नाही अशी सोय करूनच. आणि फॉल्स सीलिंग म्हणजे छत नाही, त्यामुळे ड्रॉइंग तपासताना त्याच्या वर काय चाललंय तेही बघा.