कर्करोगातील आहार व व्यायाम

कर्करोगावर उपचार चालू असताना आणि ते संपल्यावर अंगातली ताकद, म्हणजे मुख्यतः स्नायू, टिकवण्यासाठी आखलेला आहार व व्यायाम. मूळ उपचारांची जागा तो घेत नाही. पण ज्याचे स्नायू शाबूत असतात त्याला केमोथेरपी तुलनेने सोसते, आणि शस्त्रक्रियेनंतर तो लवकर हिंडूफिरू लागतो.

या आजारात वजन केवळ कमी खाल्ल्याने घटत नाही. गाठीमुळे शरीरभर दाह पसरतो, त्याने भूक मरते आणि स्नायूंतली प्रथिने झडू लागतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटले, तर त्या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. ६० किलोच्या माणसात ही रेषा ३ किलोंवर येते. एकदा ही अवस्था बळावली की नुसत्या खाण्याने झीज पुरती भरून येत नाही, म्हणून पहिल्या तपासणीपासूनच वजन लिहून ठेवावे. अंगाने भरलेल्या रुग्णाचेही स्नायू झडतात, आणि तब्येत बरी दिसते म्हणून तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. वरणभातावर हे भागत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, पेलाभर दुधातही साधारण तेवढीच. तोंड आलेले असेल तर तिखट-आंबट बाजूला ठेवून डाळ जास्त घातलेली मऊ मुगाची खिचडी, दुधातले नाचणीचे सत्त्व, दही, काटे काढलेले मासे असे थोडेथोडे दर दोन तासांनी द्यावे. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गाडीवरची कापलेली फळे, पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस नको. साखर, दूध, अंडी सगळे बंद करा, हा शेजारपाजारचा सल्ला फार नुकसान करतो: साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही, रुग्ण मात्र खंगतो. (मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टरांना विचारूनच.) अन्न देण्यासाठी नाकातून नळी घातली की घरचे हबकतात; पण ती बहुधा काही काळापुरती असते आणि उपचार पुरे व्हायला मदत करते.

मुंबईत हा प्रश्न चुलीपाशी येऊन अडतो. परळच्या १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, आणि मुक्काम लांबला की घरचे ताजे जेवण दुर्मीळ होते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी दिलेला निवारा म्हणूनच मोलाचा.

व्यायामाचे प्रमाण साधारण असे: आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणे, दोनदा ताकदीचा व्यायाम. चाळीच्या गॅलरीतल्या फेऱ्या, खुर्चीतून हात न टेकता उठणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे एवढे पुरते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केमोथेरपीनंतर तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत आजार पुन्हा होण्याचे प्रमाण घटल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. हाडांत आजार उतरला असेल, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली असतील किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाचे कर्करोग पुष्कळ. त्यांत रेडिएशननंतर जबडा आवळतो. त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि तोंड जसे उघडेल तशी एकेक काडी वाढवायची. रेडिएशन संपल्यावरही जबडा कित्येक महिने आवळत राहू शकतो, त्यामुळे हा व्यायाम मध्येच सोडायचा नसतो.