काकूची मोरी आणि डिशवॉशरची नळी

गेल्या मे महिन्यात गुहागरला काकूच्या स्वयंपाकघरात डिशवॉशर आलं. तिच्या दोन्ही मनगटांना संधिवाताने धरलंय, भांडी घासणं होत नाही, म्हणून आम्ही भावंडांनी मिळून ते घेतलं. बसवायला आलेल्या माणसाने नळ जोडला, वीज जोडली आणि सांडपाण्याची नळी सरळ कोपऱ्यातल्या मोरीत नेऊन तिचं तोंड भोकात खुपसलं. पाणी मोरीत जायचं, नळी मोरीत गेली. वरवर पाहता यात चूक काहीच दिसत नव्हती.

पहिल्याच खेपेला यंत्र पाणी घ्यायला लागलं ते थांबेचना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आत पाणी पडल्याचा आवाज येतोच आहे. काकू दाराला कान लावून म्हणाली, "अरे, हे पितंच आहे नुसतं. भांड्यांना काही मिळतंय का त्यातलं?" मी मोरीकडे पाहिलं, तर भोकातून खळखळ ऐकू येत होती. आत येणारं स्वच्छ पाणी भांड्यांना न लागता मोरीत चाललं होतं. मी नळी भोकातून ओढून बाहेर काढली आणि तिचं तोंड कमरेइतकं वर धरलं. गुळगुळ आवाज झाला, नळीतलं पाणी मागे सरकलं आणि प्रवाह थांबला. तोंड पुन्हा मोरीत खाली नेलं. पंपाने मधे थोडं पाणी ढकललं आणि धार पुन्हा सुरू झाली.

पिंपातलं रॉकेल रबरी नळीने काढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. एकदा नळी भरली आणि तिचं बाहेरचं टोक आतल्या पातळीपेक्षा खाली असलं, की पुढे ओढावं लागत नाही. बाहेरच्या लांब पायातलं पाणी आपल्या वजनाने खाली उतरतं. त्याच्या मागे पोकळी होऊ लागते आणि ती भरायला हवेचा दाब यंत्रातलं पाणी नळीत ढकलतो. याला सायफन म्हणतात. हवेचा हा दाब पाण्याचा साधारण दहा मीटर उंच खांब तोलून धरू शकतो, त्याहून जास्त नाही. आपल्याकडच्या खोल विहिरींत मोटर काठावर न ठेवता आत टप्पा करून खाली का बसवतात, त्याचं कारणही हेच.

जुन्या कोकणी घरात मोरी जमिनीपेक्षा वीतभर खोल असते. डिशवॉशरच्या तळाशी पाणी उभं राहतं ते जमिनीपासून काही बोटं वर. म्हणजे नळीचं तोंड मोरीत टाकलं की सायफनला हवा तो उतार आयता मिळतो. यंत्रात पाणी परत येऊ नये म्हणून एक झडप असते, पण ती बाहेरून आत येणारं पाणी अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला तिची आडकाठी नसते.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या मोरीत पिढ्यान् पिढ्या भांडी घासली गेली, पण असा प्रकार कधी झाला नाही. पाणी तांब्यातून पडायचं, भांड्यावरून ओघळायचं, मोरीच्या दगडावर पसरायचं, जांभ्याच्या भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या पन्हळीत आणि तिथून अळवाच्या वाफ्यात. वाटेत दोन-तीन ठिकाणी ते मोकळ्या हवेतून पडत होतं. पाण्याची सलग दोरी कधी तयारच होत नव्हती. म्हणून ना ओढ लागायची, ना घाण पाणी उलटं भांड्यांत यायचं. आपण बंद नळी आणली, दोरी सलग झाली, आणि मोरीतला तो हवेचा तुटकपणा गेला. जोडणी करताना तो परत आणायचा, एवढंच खरं काम आहे.

काकूकडे आम्ही ते असं केलं. मोरीच्या कोपऱ्यात भिंतीला धरून ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा केला, जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटर उंच. डिशवॉशरची नळी भिंतीवर चढवून तिचं तोंड वरून या पाइपात जेमतेम अडकवलं, सभोवती बोटभर जागा मोकळी ठेवून. ती फट कापडाने किंवा सिलिकॉनने बुजवायचा मोह होतो, पण ती तशीच राहू द्यायची. हवा तिथूनच आत शिरते आणि सायफन तुटतो.

मग नळी आणखी वर, छताजवळ का नेऊ नये? कारण यंत्राचा पंप लहान असतो. बहुतेक पुस्तिकांत ही उंची साधारण ४० सेंटिमीटर ते एक मीटर यांच्यामध्ये दिलेली असते. आपल्या यंत्राचा आकडा त्याच्या पुस्तिकेत पाहावा. शिवाय पंप थांबला की नळीच्या चढत्या भागातलं पाणी खाली येतं. आतला व्यास १८ मिलिमीटर धरला तर मीटरभर चढात पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे फुलपात्रभर खरकटं पाणी झडपेवर येऊन टेकतं, आणि झडपेत एखादं शीत अडकलं असेल तर तेच धुतलेल्या भांड्यांखाली जाऊन बसतं.

ही उंची खरी कामाला येते ती आषाढ-श्रावणात. कोकणपट्टीवर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा भरतो, जमीन पाणी घेईनाशी होते आणि मोरी तुंबते. नळीचं तोंड तुंबलेल्या पाण्यात बुडालेलं असेल तर ते पाणी यंत्राकडे यायला वाट मिळते. ६० सेंटिमीटरवर तोंड मोकळं असेल तर आधी मोरी भरून वाहील, ते डोळ्यांना दिसेल आणि यंत्र बंद करता येईल.

ओट्याला सिंक असेल तर नळी सिंकखालच्या बॉटल ट्रॅपलाही, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या बाटलीसारख्या भागालाही, जोडता येते. ट्रॅपला त्यासाठी बाजूला तोटी असते, मात्र नव्या तोटीच्या आत बहुधा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो कापायचा राहिला तर पाणी जाणारच नाही. नळी आधी ओट्याच्या तळापर्यंत वर न्यायची, तिथे पक्की बांधायची आणि मग तोटीकडे उतरवायची. सिंकपासून खाली जाणारा घड्यांचा लवचीक पाइप मात्र बदलून आतून गुळगुळीत असलेला घ्यावा. आपल्या जेवणात नारळ भरपूर, आणि नारळाचं तेल २४ अंशांच्या खाली गोठतं. यंत्रातून साठ अंशांच्या आसपासच्या पाण्याबरोबर ते पातळ होऊन निघतं आणि थंडीच्या रात्री पाइपाच्या घडीघडीत बसतं. आडव्या पाइपाला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरतो.

उभ्या पाइपाखाली नहाणी ट्रॅप हवाच. त्यात साठून राहणारं दोन इंच पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. वाकड्या नळीत पाणी धरून वास अडवण्याच्या या कल्पनेचं पेटंट लंडनमधल्या ॲलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये संडासासाठी घेतलं होतं. आपल्याकडे अडचण वेगळी: गणपती झाले की चाकरमानी मुंबईला जातात, घर बंद होतं, ट्रॅपमधलं पाणी वाळतं आणि शिमग्याला दार उघडलं की वास अंगावर येतो. निघताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडावं. तेलाच्या थराखालचं पाणी फार सावकाश उडतं.

काकूला पटवायला वेळ लागला तो अळवाच्या बाबतीत. मोरीचं पाणी अळवाला, ही तिच्या सासूपासूनची रीत. पण डिशवॉशरची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते आणि तिच्यात सोडियमचे क्षार असतात. सोडियम साठला की मातीतले बारीक कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात, माती घट्ट होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. हे ऐकून ती परसात जाऊन वाफ्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. आता यंत्राचं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी ती पातेल्यात धरून स्वतः अळवाला घालते.