रात्रपाळी आणि परिचारिकांचा रक्तदाब

सोलापूरच्या रुग्णालयांत शहरातील रुग्णांबरोबरच धाराशिव, लातूर आणि राज्याच्या सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गी या भागांतूनही रुग्ण येतात. त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब नोंदविण्याचे काम परिचारिका दिवसरात्र करीत असतात; स्वतःचा रक्तदाब तपासण्याची आठवण मात्र अनेकींना डोके जड झाल्यावरच होते. ही वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही.

वारंवार मोजूनही रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक आढळला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 वर्षांवरील सुमारे 21 टक्के स्त्रियांना तो आहे. वय, आनुवंशिकता, वाढलेले वजन, मधुमेह आणि गरोदरपणात वाढलेला रक्तदाब ही कारणे परिचारिकांनाही लागू पडतातच. त्यांच्या बाबतीत ड्युटीच्या वेळापत्रकाचाही वेगळा विचार करावा लागतो.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत दिवसापेक्षा साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो आणि रक्तवाहिन्यांना तेवढाच विसावा मिळतो. मेंदूतील जैविक घड्याळ उजेड-अंधाराच्या आधारे हा क्रम सांभाळते. नाइट ड्युटीत नेमक्या या उताराच्या वेळी वॉर्डातील दिवे, मॉनिटरचे आवाज आणि सततची धावपळ शरीराला जागे ठेवतात. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज ठेवणारी मज्जातंतूंची यंत्रणा, सक्रिय राहते, हृदयाचे ठोके वाढतात आणि अपेक्षित उतार पुरेसा येत नाही. सकाळी घरी परतल्यावर झोपावे, तर मुलांची शाळा, स्वयंपाक आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणारे ऊन यांमुळे ती झोप तुटक होते. त्यातच पाळी वरचेवर बदलत राहिली, तर जैविक घड्याळाला जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाचा धोका वाढलेला असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. अर्थात, प्रत्येक परिचारिकेला तो होईलच असे नाही.

ताणाविषयी आपण फार सैलपणे बोलतो. रॉबर्ट कारासेक या समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडले, की कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार तुटपुंजा असेल, तर तो ताण विशेष घातक ठरतो. जबाबदारी जिवाची, पण वॉर्डात किती जणी असाव्यात हे ठरवणे हातात नाही, अशी परिचारिकांची स्थिती असते. म्हणून ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. पुरेशी भरती आणि सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा हेही रक्तदाबावरील उपायच आहेत.

रात्रीच्या डब्याकडेही पाहायला हवे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी उन्हाळ्यातही टिकते, म्हणून ती सोयीची. शेंगदाण्यात दोष नाही; पण चटणी, लोणचे, पापड आणि कॅन्टीनमधील भजी यांतून मीठ नकळत वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा आहे. कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या वरचेवर घेतल्यानेही शरीरात मीठ व पाणी साठून रक्तदाब वाढू शकतो. औषधे हाताशी असणाऱ्यांनी हे अधिक जपायला हवे.

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि त्याआधी अर्धा तास चहा घेऊ नये. कामाच्या घाईत लघवी रोखून धरलेली असेल, तर आधी जाऊन यावे. भरलेल्या मूत्राशयामुळे आकडा वाढून दिसतो. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावल्याने रक्तदाब थोडा कमी भरतो, त्यामुळे मे महिन्यातील एका चांगल्या आकड्यावर वर्ष काढू नये. तसेच काहींचा रक्तदाब सुट्टीच्या दिवशी तपासला तर ठीक असतो आणि कामावर वाढतो. यासाठी महिन्यातून काही दिवस ड्युटीवर आणि काही दिवस घरी मोजून वहीत आकड्याशेजारी वेळ व पाळीही लिहून ठेवावी, म्हणजे डॉक्टरांना रात्रपाळीतला फरक लगेच दिसेल.